अभियंता घडतो कुठे, आणि कुणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रात अभियांत्रिकी प्रवेशाची चर्चा सुरू होते. कोणत्या शाखेला किती मागणी आहे, कोणत्या महाविद्यालयाचे शुल्क किती, कोणाला कितव्या फेरीत जागा मिळाली, या प्रश्नांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरून जातात. प्रवेश संपतात आणि चर्चाही संपते. त्या चार वर्षांत विद्यार्थ्याला काय शिकविले जाते, कोण शिकवितो, आणि शिकून बाहेर पडलेला तरुण समाजाच्या कोणत्या उपयोगी पडतो, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. वस्तुतः तेच मूळ प्रश्न आहेत. प्रवेशाचा प्रश्न न्यायाचा आहे, यात शंका नाही. परंतु ज्या घरात प्रवेश मिळाला ते घर आतून पोकळ असेल, तर प्रवेशाचा न्यायही पोकळच ठरतो.

यात दोन घटकांचे हित गुंतलेले आहे. पहिला घटक म्हणजे शेती गहाण टाकून अथवा बँकेचे कर्ज काढून मुलाला किंवा मुलीला अभियंता करू पाहणारे कुटुंब. दुसरा घटक म्हणजे ज्या पुलावरून जनता चालते, ज्या नळाचे पाणी पिते, ज्या इमारतीत राहते, ती जनताच. दिनांक १४ मार्च २०१९ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील पादचारी पुलाचा भाग कोसळला आणि सात माणसे प्राणास मुकली. त्यापूर्वीच्या संरचनात्मक तपासणीत हा पूल वापरास योग्य ठरवून केवळ किरकोळ दुरुस्ती सुचविण्यात आली होती. अशा घटनेचा दोष एका व्यक्तीवर अथवा एका कंपनीवर ठेवून समाज मोकळा होतो. परंतु पुलाखाली उतरून गंज पाहण्याऐवजी तक्त्यातील रकाने भरणे म्हणजेच तपासणी, अशी समजूत कोठे रुजते, याचाही शोध घेतला पाहिजे. तो शोध घेता घेता पाऊल महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोहोचते.

या शिक्षणाचा जन्म कोणत्या गरजेतून झाला, हे प्रथम पाहिले पाहिजे. डलहौसीच्या कारकिर्दीत १८५४ साली सार्वजनिक बांधकाम खात्याची उभारणी झाली आणि त्याच वर्षी पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग व यांत्रिक शाळा सुरू झाली. कालवे, रस्ते, पूल आणि लोहमार्ग यांच्या कामावर देखरेख करणारे दुय्यम कर्मचारी तयार करणे, हा तिचा हेतू होता. योजना गोऱ्या साहेबाने आखावी, मोजमाप एतद्देशीयाने घ्यावे आणि घाम मजुराने गाळावा, अशी ही उतरंड होती. पुढे मुंबई विद्यापीठाशी जोडलेल्या याच पुण्याच्या महाविद्यालयातून विश्वेश्वरय्यांसारखा अभियंता बाहेर पडला आणि त्याने खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दरवाजे बसवून दाखविले. एतद्देशीयाची बुद्धी दुय्यम नाही, हे त्यातून सिद्ध झाले. पण शिक्षणाची घडण तेवढ्याने बदलली नाही. मुंबईत १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने कापडगिरण्यांना तंत्रज्ञ पुरविले, तर मुंबई विद्यापीठाने १९३३ साली सुरू केलेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाने वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी यांचा पाया घातला. या संस्थांची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. विशेषतः मुंबईचा हा विभाग सार्वजनिक विद्यापीठाच्या छत्राखाली वाढला आणि महानगरपालिकेच्या शाळेत शिकलेले रघुनाथ माशेलकर त्याच विभागातून पुढे आले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सरकारी पैशाने चालणारी संस्था नादारीच असते, असा जो प्रचार चालतो, त्याला यापेक्षा वेगळे उत्तर नको.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नलिनीरंजन सरकार समितीने उच्च तंत्रशिक्षणाच्या चार मोठ्या संस्था उभाराव्यात अशी शिफारस केली. तीनुसार १९५१ साली खरगपूरला आणि १९५८ साली सोव्हिएत साहाय्याने मुंबईत पवईला अशा संस्था उभ्या राहिल्या. देशाला त्यांची गरज होतीच. मात्र त्याच वेळी एक दुफळीही निर्माण झाली. मूठभर संस्थांना भरघोस निधी, स्वतःचा अभ्यासक्रम ठरविण्याचे स्वातंत्र्य आणि नामवंत अध्यापक मिळाले. उरलेली महाविद्यालये विद्यापीठांच्या संलग्नतेच्या खुंट्याला बांधली गेली. देशातील बहुसंख्य अभियंते या दुसऱ्या वर्गातून येतात, तरी धोरणकर्त्यांचे सारे लक्ष पहिल्या वर्गावर खिळून राहिले. वाफा एकच शिंपायचा आणि सारे शेत हिरवे होण्याची वाट पाहायची, असा हा व्यवहार होता.

अशा स्थितीत १९८३ साल उजाडले. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. या निर्णयाचे मूल्यमापन न्यायबुद्धीने करायला हवे. त्यापूर्वी राज्यात जागा फारच थोड्या होत्या, अनेक विद्यार्थी देणगी भरून कर्नाटकात शिकायला जात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या मुलाला अभियंता होण्याचे स्वप्नही परवडत नव्हते. विनाअनुदान महाविद्यालयांमुळे अशा अनेक मुलांना दार उघडले, हे सत्य आहे. मात्र दारावर जकातनाकाही बसला. देणगीचा धंदा इतका उघड झाला की १९८७ साली राज्याला कॅपिटेशन शुल्कबंदीचा कायदा करावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात, २००२ साली टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात आणि २००५ साली इनामदार खटल्यात हा प्रश्न पुनःपुन्हा हाताळला. शिक्षणसंस्थेने नफेखोरी करू नये, हे तत्त्व न्यायालयाने कायम ठेवले, परंतु खाजगी संस्थांचे स्वातंत्र्यही उत्तरोत्तर विस्तारले. सध्या शुल्कनिश्चितीचे काम २०१५ च्या कायद्यान्वये नेमलेल्या प्राधिकरणाकडे आहे.

तथापि या साऱ्या वादात एक गोष्ट निसटली. जागा एका शासकीय आदेशाने वाढविता येतात, शिक्षक तसे वाढविता येत नाहीत. चांगला अध्यापक घडण्यास पदव्युत्तर शिक्षण, संशोधन, उद्योगातील अनुभव आणि निर्वाहाची निश्चिंती लागते, आणि त्याला दहा-पंधरा वर्षे जातात. महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली आणि कालचा पदवीधर आजचा अध्यापक होऊन फळ्यासमोर उभा राहिला. त्यातही अनेक ठिकाणी नेमणूक तासिका तत्त्वावर होते. पुढील सत्रात काम असेल की नाही, याची त्याला शाश्वती नसते. २०१८ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण बदलून वीस विद्यार्थ्यांमागे एक असे केले. शिक्षकांची उणीव शिक्षक वाढवून भरून काढण्याऐवजी नियम सैल करून भरून काढली गेली.

विस्ताराचा फुगाही फुटायचा होताच. परिषदेच्याच आकडेवारीनुसार २०१६-१७ साली देशातील अभियांत्रिकीच्या जेमतेम निम्म्या जागा भरल्या गेल्या. बी. व्ही. आर. मोहन रेड्डी समितीच्या शिफारशीनंतर २०२० पासून नव्या महाविद्यालयांना परवानगी देणे थांबविण्यात आले. ही बंदी २०२३ साली उठली, आणि २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांवरील शाखानिहाय प्रवेशक्षमतेची मर्यादाही काढून टाकण्यात आली. परिणामी संगणकाच्या शाखेत तुकड्यांवर तुकड्या वाढत आहेत, आणि स्थापत्य, यंत्र वा विद्युत या शाखांकडे विद्यार्थी पाठ फिरवीत आहेत. बाजाराचा वारा ज्या दिशेने वाहील तिकडे शिक्षणाने तोंड फिरवायचे, हेच जर धोरण असेल, तर त्याला धोरण का म्हणावे?

आता महाविद्यालयाच्या आत डोकावू. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याला ‘टर्मवर्क’ आणि ‘सबमिशन’ हे दोन शब्द कळतात. प्रयोग केल्यावर त्याचे निष्कर्ष वहीत उतरवावेत, ही मूळ कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात गतवर्षीच्या वहीवरून या वर्षीची वही उतरविली जाते आणि प्रयोगाचे आकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतात. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस ठरावीक प्रश्नांची उत्तरे देणारी स्वस्त पुस्तके पाठ होतात. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प शहरातील दुकानातून तयार विकत मिळतो. याबद्दल विद्यार्थ्याला दोष देणे सोपे आहे, परंतु ते अन्यायाचे होईल. परीक्षा जर केवळ स्मरणाची असेल, तर पाठांतर करणारा विद्यार्थी आळशी नसतो, व्यवहारी असतो. जी व्यवस्था नक्कल करणाऱ्याला आणि प्रयोग करणाऱ्याला सारखेच गुण देते, ती प्रयोग करणाऱ्याला मूर्ख ठरविते.

संलग्नतेची पद्धत या दुखण्याच्या मुळाशी आहे. शिकवितो एक, प्रश्नपत्रिका काढतो दुसरा, तपासतो तिसरा. शेकडो मैलांच्या टापूतील सर्व महाविद्यालयांना एकच प्रश्नपत्रिका असल्याने, तीत कोणत्याही एका गावाचा, एका कारखान्याचा, एका नदीचा प्रश्न येऊ शकत नाही. म्हणून शिक्षकाने आपल्या परिसराविषयी काही शिकविले, तर ते ‘अभ्यासक्रमाबाहेरचे’ ठरते. कोकणातील मुलगा आणि मराठवाड्यातील मुलगी पाण्याविषयी अगदी सारखाच धडा शिकतात, आणि दोघांनाही आपल्या गावच्या पाण्याविषयी काहीही कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. नळातून वाहणाऱ्या पाण्याचा दाब घर्षणाने कमी होतो, हे स्थापत्य आणि यंत्र या दोन्ही शाखांत शिकवितात. प्रवाह तेवढाच ठेवून नळाचा व्यास निम्मा केला, तर ही हानी सुमारे बत्तीसपट होते. सूत्र विद्यार्थ्याला पाठ असते. आता हाच विद्यार्थी एखाद्या गावच्या नळपाणी योजनेवर नेऊन उभा करा. टाकी कोठे आहे, तिची उंची किती, मुख्य नळ कोठून जातो, कोठे जोडण्या वाढल्या, कोठे खर्च वाचवायला अरुंद नळ टाकला, हे त्याला मोजू द्या. नळाच्या शेवटच्या टोकाला जी वस्ती आहे, तेथे पाणी का पोहोचत नाही, हे त्याला आपल्याच गणिताने उमगेल. ती वस्ती पुष्कळदा दलितांची किंवा भूमिहीनांची असते, हेही त्याला दिसेल. पंपाचे वीजबिल कोण भरतो, झडपा उघडणाऱ्या माणसावर कोणाचा दाब असतो, हे प्रश्न मग आपोआप उभे राहतील. द्रवगतिशास्त्र आणि समाजशास्त्र हे दोन विषय तेथे वेगळे राहत नाहीत. अशा एका अभ्यासातून विद्यार्थी जे शिकेल, ते दहा वह्या उतरवून शिकणार नाही.

ही कल्पना हवेतील नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि नांगर खपेना. शेतकऱ्याला अडाणी म्हणून ते थांबले नाहीत. त्याच्या शेतापर्यंत आणि त्याच्या शंकेपर्यंत ते पोहोचले, आणि १९१० पासून वसलेल्या किर्लोस्करवाडीने महाराष्ट्राच्या शेतीचे अवजार बदलले. १९७२ च्या दुष्काळाने हलून गेलेले पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातील नायगावला गेले. तेथे देवस्थानची चाळीस एकर जमीन खंडाने घेऊन त्यांनी पाणी अडविण्याचे प्रयोग केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते द्यायचे. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क द्यायचा. ऊस लावायचा नाही. असे तिचे नियम होते. बांध, पंप आणि नळ यांचे ज्ञान जेवढे महत्त्वाचे, तेवढाच हा वाटपाचा नियमही अभियांत्रिकीचा भाग आहे, हे साळुंख्यांनी दाखवून दिले. तरीही आजवर किती विद्यार्थ्यांनी पाटबंधारे शिकताना पाणी पंचायतीचे नाव ऐकले असेल?

शासनाला हे अगदीच सुचले नाही, असे नव्हे. पवईच्या संस्थेत १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र स्थापन झाले. त्या अनुभवाच्या आधारे राज्य शासनाने २०१६ साली ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ जाहीर केले. जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्ह्याच्या विकासाचे प्रश्न अभ्यासावेत आणि शासकीय यंत्रणेला त्यासाठी साहाय्य करावे, असा तिचा आशय आहे. दिशा योग्य आहे. परंतु जोवर या कामाला परीक्षेत भरीव गुण नाहीत, शिक्षकाच्या बढतीत स्थान नाही आणि जिल्हा परिषदेच्या दप्तरातील माहिती विद्यार्थ्याला खुली नाही, तोवर असे उपक्रम मोजक्या उत्साही शिक्षकांच्या खांद्यावरच चालत राहतील.

भाषेचा प्रश्नही याच संदर्भात पाहिला पाहिजे. २०२१ साली मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवी शिकविण्यास परवानगी मिळाली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू झाला. या पावलाचे स्वागत करतानाच एक धोका ओळखला पाहिजे. गरिबाच्या मुलाला मराठी वर्ग, श्रीमंताच्या मुलाला इंग्रजी वर्ग, आणि चांगली नोकरी दुसऱ्याला, असे झाले तर मातृभाषेच्या नावाने नवी जातवार पंगत मांडली जाईल. उपाय असा की, समजावून सांगण्याची भाषा सर्वच वर्गांत मराठी असावी आणि जगाच्या ज्ञानाशी जोडणारी इंग्रजी प्रत्येकाला नीट शिकवावी. लेथवर उभा असलेला कामगार, धरणावरचा मुकादम आणि पंपावरचा शेतकरी मराठीत बोलतो. ज्या अभियंत्याला त्याच्याशी कामाविषयी बोलता येत नाही, त्याचे शिक्षण अपुरे आहे, मग त्याचे इंग्रजी कितीही सफाईदार असो.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. पहिली मागणी शिक्षकांची : मंजूर पदे पूर्णवेळ भरावीत, वेतन दरमहा मिळावे, आणि प्रत्येक अध्यापकाला ठरावीक वर्षांनी कारखान्यात किंवा सार्वजनिक प्रकल्पावर काम करण्याची सवेतन मुभा असावी. शुल्कप्रतिपूर्ती शासनाकडून वेळेवर येत नाही म्हणून पगार थकतात, असे संस्थाचालक म्हणतात. त्यात तथ्य असेल तेथे शासनाला जाब विचारावा, आणि ते निमित्त असेल तेथे संस्थेचे हिशेब उघड करावेत. २०२४ साली आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणात पूर्ण शुल्कमाफी देण्याचा निर्णय शासनाने घेतला. तो स्वागतार्ह आहे. पण माफीची रक्कम संस्थेला वेळेवर दिली नाही, तर तिचा भार शेवटी शिक्षकावर आणि प्रयोगशाळेवर पडतो.

दुसरी मागणी परीक्षेची : निम्मे मूल्यमापन प्रत्यक्ष कामाचे असावे, आणि किमान एक सत्र जिल्ह्यातील एखाद्या प्रश्नाच्या अभ्यासाला द्यावे. त्याचा अहवाल मराठीत छापून ग्रामसभेपुढे अथवा नगरपालिकेपुढे मांडावा. ज्यांचा पूल तपासला, ज्यांचे पाणी मोजले, त्यांच्यासमोर उभे राहावे लागले की नक्कल आपोआप थांबते.

तिसरी मागणी शिडीची : पदविकाधारकाला पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो, ही सोय चांगली आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून आलेल्या कामगारालाही पदवीपर्यंत पोहोचण्याचा सन्मानाचा मार्ग असावा. नोकरी करणाऱ्यांसाठी पदवीचे वर्ग चालविण्यास २०२३ पासून परिषदेने मान्यता दिली आहे. हे वर्ग कारखान्यांच्या पट्ट्यात, कामगाराला परवडतील अशा शुल्कात सुरू झाले पाहिजेत. हाताने काम करणारा आणि डोक्याने काम करणारा ही फारकत या देशात जातीने पक्की केली. तंत्रशिक्षणाने ती तोडायची असते, जोपासायची नसते.

या कामी कार्यकर्त्यांनी मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात, पण बहुतेक पदवीधर मतदार म्हणून नावही नोंदवीत नाहीत. प्रत्येक तालुक्यात ही नोंदणी करून घेता येईल. महाविद्यालयांना आपले शिक्षक, शुल्क, प्रयोगशाळा यांची माहिती जाहीर करणे बंधनकारक आहे. त्या यादीतील किती शिक्षक प्रत्यक्ष वर्गात आहेत, हे विद्यार्थ्यांच्या मदतीने पडताळता येईल. शुल्क नियामक प्राधिकरणापुढे संस्थेने दाखविलेला खर्च आणि प्रयोगशाळेतील बंद पडलेले यंत्र, यांची तुलना करायला मोठी विद्वत्ता लागत नाही, चिकाटी लागते. आणि जेथे एखादा शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन गावात पाणी मोजायला येईल, तेथे गावचे दार त्याला उघडे करून देणे, त्याला माहिती मिळवून देणे, हे काम तर कार्यकर्त्याशिवाय दुसरा कोणी करूच शकत नाही.

अभियंत्याचे शिक्षण हा अभियंत्यांचा घरगुती प्रश्न आहे, असे मानून लोकचळवळींनी त्याकडे आजवर दुर्लक्ष केले. त्याचा फायदा शिक्षणसम्राटांनी घेतला आणि तोटा शेवटच्या नळाशी रिकामी घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईने सोसला. येत्या प्रवेशाच्या मोसमात पालक विचारतील, ‘कोणते महाविद्यालय चांगले?’ त्यांना उत्तर देताना कार्यकर्त्यांनी तेथील इमारतीची उंची सांगू नये. तेथे शिक्षक किती आहेत, यंत्रे चालू आहेत की झाकलेली, आणि त्या महाविद्यालयाने आपल्या जिल्ह्याचा कोणता प्रश्न हाती घेतला आहे, एवढे सांगावे. ते सांगता यावे म्हणून आधी स्वतः जाऊन पाहावे.